अनुभव नाही, मग इंटरव्ह्यूत सांगू काय?

"ताई, मी १७ वर्षांची आहे. पुस्तकांच्या एका दुकानात पार्टटाइम कामासाठी फॉर्म भरला होता, त्यांचा फोन आला, पुढच्या शनिवारी इंटरव्ह्यू आहे. आयुष्यातला पहिलाच. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात मी सरळ रेघ मारलीये कारण लिहायला काही नव्हतंच. दादा म्हणतो तिथे गेल्यावर काहीतरी ठोकून दे, कोण बघायला जातंय. नेटवरून ४० प्रश्नोत्तरं वहीत उतरवून पाठ करतेय पण आरशासमोर उभी राहिले की पहिल्याच वाक्याला आवाज कापतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्याने बोलायचं काय? – रेघ मारलेली"

अगं, आधी त्या रेघेबद्दलच बोलू. फॉर्म त्यांच्या हातात होता ना? तुझं वय दिसत होतं, रेघ दिसत होती, आणि तरी त्यांनी फोन केला. म्हणजे अनुभव नाही हे त्यांना माहितीये आणि ते चालणार आहे म्हणूनच बोलावलंय. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेय, काउंटरवर, गोदामात, रिसेप्शनला पोरं निवडायचं काम केलंय, त्यातली कितीतरी तुझ्याच वयाची. १७ वर्षांच्या मुलीला बोलावताना कोणी दहा वर्षांचा अनुभव शोधत नसतं गं. आम्ही बघतो ते एवढंच की ही वेळेवर येईल का, समोरच्याशी नीट बोलेल का, आणि काही चुकलं किंवा अडलं तर लपवेल की येऊन सांगेल. या तिन्ही गोष्टी कळायला आधी नोकरी केलेली असावी लागत नाही.

एक मुलगी मला अजून आठवते. तुझ्यासारखीच, पाटी कोरी. मी विचारलं शाळेत कसली जबाबदारी होती का, तर म्हणाली नाही. छंद? नाही. मीही जरा थकलेले, म्हटलं बरं मग शाळेतून घरी गेल्यावर दिवसभर काय करतेस ते सांग. तर म्हणाली आजीच्या गोळ्या मी लावते. म्हणजे कशा? तेव्हा सांगायला लागली की सकाळच्या एका डबीत, रात्रीच्या दुसऱ्या, आठवड्याच्या आठवड्याला भरून ठेवते, पाकिटात चार गोळ्या उरल्या की नवीन आणायला सांगते, आणि मधे डॉक्टरांनी एक गोळी बदलली तेव्हा जुनं पाकीट तिने वेगळ्या पिशवीत घालून गाठ मारली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं 'ही देऊ नये', कारण बाबा घाईत असतात आणि चुकून तेच देतील. मी हातातलं पेन खाली ठेवलं. माल संपायच्या आधी मागवणं, जुनं-नवीन वेगळं ठेवणं, दुसऱ्याची चूक होऊ शकते हे आधीच ओळखून लेबल लावणं, गोदामात आम्हाला नेमकं हेच शिकवायला महिने लागायचे. तिला आपण काही विशेष करतोय असं वाटतच नव्हतं. त्या दिवशी मी अजून दोन मिनिटं आधी कंटाळले असते तर ती तशीच परत गेली असती, आणि हेच मला तुझ्याबाबतीत व्हायला नकोय. समोरचा माणूस खोदून विचारेलच याची काही खात्री नाही, म्हणून स्वतःचं खोदकाम तू आधी घरी करून जायचंस.

तर ती ४० प्रश्नांची वही मिट आणि नवीन पान घे. त्यावर गुण लिहायचे नाहीत, मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर वगैरे, हे सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जातं. प्रसंग लिही. कोणीतरी एखादी गोष्ट विश्वासाने तुझ्या हातात दिली असा प्रसंग, काहीतरी बिघडलं आणि तू निस्तरलंस असा, कोणी तुझ्यावर चिडलं होतं आणि तू ते कसं हाताळलंस, कोणी न शिकवता काहीतरी शिकलीस ते, चारचौघांबरोबर मिळून केलेलं काहीतरी. धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणं, शेजारच्या काकूंच्या फोनवर अॅप टाकून देणं आणि मग चार वेळा न वैतागता परत समजावणं, वर्गाची सहल, खेळाची टीम, काहीही चालतं. पाच प्रसंग पुरेत, खरंच पुरेत, कारण इंटरव्ह्यूतले निम्मे प्रश्न फिरून फिरून त्याच पाच गोष्टींवर येतात. 'अडचण आली तेव्हा काय केलंस', 'दबावाखाली काम केलंयस का', 'मतभेद झाला तर काय करतेस', प्रश्न वेगळे पण प्रसंग तोच लागू पडतो.

आता तो प्रसंग सांगायचा कसा. याला नोकरीच्या दुनियेत स्टार मेथड म्हणतात, नाव सोडून दे, क्रम महत्त्वाचा आहे: परिस्थिती काय होती, त्यात तुझ्यावर काय होतं, तू नेमकं काय केलंस, शेवटी काय झालं. पहिले दोन भाग दोन वाक्यांत उरकायचे, सगळा वेळ तिसऱ्याला द्यायचा. बहुतेक मुलं उलटं करतात, पार्श्वभूमी सांगण्यातच दम संपतो आणि मग 'मग आम्ही सगळ्यांनी मिळून केलं' म्हणून थांबतात. 'आम्ही' म्हटलं की तू कुठे होतीस ते कळत नाही. तिथे 'मी' म्हणायचं, यात उद्धटपणा काही नाही.

समजा तू वर्गाच्या सहलीचे पैसे गोळा केले होतेस. 'मी सहलीचे पैसे गोळा केले, त्यामुळे मला हिशोबाची सवय आहे', हे झालं एक वाक्य, ऐकलं आणि विसरलं. तेच असं सांग: "सहलीला ४६ जणांचे पैसे जमले पण माझ्या यादीत खूण ४५ च नावांपुढे होती. पैसे जास्त होते त्यामुळे कोणी ओरडलं नसतं पण ज्याचे आहेत त्याचं नाव बसमध्ये नसतं. संध्याकाळी मी ज्यांच्या नावापुढे खूण नव्हती त्यांना एकेकाला फोन केला, तेव्हा कळलं की एकाने मित्राच्या हातून पैसे पाठवले होते आणि मी गडबडीत मित्राच्याच नावापुढे दोनदा टिक केली होती. तेव्हापासून आधी नाव लिहायचं आणि मगच पैसे हातात घ्यायचे असं ठरवलं." एका मिनिटात सांगून होतं बघ. यात तुझी चूकही आहे, आणि ती आहे म्हणूनच हे खरं वाटतं. गल्ल्यावर बसवायला मला अशीच मुलगी हवी असते.

तो रकाना अजून भरता येतो, हेही लक्षात घे. एका कागदावर दोन-तीन ओळी नीट लिहून बरोबर ने आणि म्हण की फॉर्मवर मी अनुभव रिकामा ठेवला होता पण ही कामं मी केली आहेत. खाली शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेचं किंवा कोचचं नाव संदर्भ म्हणून देता आलं तर फार छान, फक्त त्यांना आधी विचार, अचानक फोन गेला की तेही गडबडतात.

दादाचं म्हणशील तर तो तुझं वाईट चिंतत नाहीये, पण त्याचं ऐकू नकोस. थाप पहिल्या प्रश्नाला पचते, दुसऱ्याला उघडी पडते. तू म्हणालीस की मी मामाच्या दुकानात सहा महिने बसायचे, तर मी लगेच विचारणार की अच्छा, मग दिवसअखेरीला गल्ल्याचा हिशोब कसा लावायचात? आणि इथे तुझं ततपप सुरू. त्यानंतर तू सांगितलेली खरी गोष्टही मी संशयानेच ऐकणार. दादाला वेगळं काम दे, पुढे सांगते.

पाठांतराबद्दल. एक मुलगा आला होता, सगळं तोंडपाठ, आवाज स्वच्छ, एकदम रेडिओ. मी मधेच विचारलं, थांब, हे कुठल्या वर्षीचं? तो थांबला, छताकडे बघितलं, आणि पुन्हा 'नमस्कार, माझं नाव' पासून सुरुवात केली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. फार वाईट वाटलं गं. तो हुशार होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इंटरव्ह्यू म्हणजे वक्तृत्व स्पर्धा नसते, गप्पा असतात. पाठ केलेलं उत्तर म्हणजे ओवलेली माळ, एक मणी सुटला की सगळे घरंगळतात.

आणि वही परत परत वाचण्यात अजून एक फसवणूक आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझा इंटरव्ह्यूही आठवड्याभरावरच आहे की! रात्री वही वाचून 'येतंय मला' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतंच असतं. म्हणून वही बंद करून मोठ्याने बोल. प्रत्येक प्रसंगाचे फक्त तीन-चार शब्द चिठ्ठीवर लिही, '४६-४५, फोन, दोनदा टिक', आणि त्यावरून सांग, प्रत्येक वेळी वाक्यं वेगळी आली तर उत्तमच. आणि आरसा सोड. आरशात आपण स्वतःचं नाक, केस बघत बसतो, आणि आरसा प्रश्न विचारत नाही. तिथे दादाला बसव. त्याला सांग उलटसुलट विचार, मधेच अडव, एकदा मुद्दाम फोनकडे बघत बस, कारण खऱ्या इंटरव्ह्यूतही कोणीतरी मधे येतं, फोन वाजतो. असं तीनदा झालं की शनिवारी तो तुझा चौथा इंटरव्ह्यू असेल.

काही प्रश्न मात्र हमखास येतात. 'स्वतःबद्दल सांग' याला घरात कोण कोण आहे इथून सुरुवात करू नकोस, काय शिकतेस, कशात रमतेस आणि इथे का आलीस, एवढं मिनिटभरात. कमजोरी विचारली तर 'मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे' हे प्लीज नको, आम्ही ते हजारदा ऐकलंय. खरी छोटी सांग आणि त्यावर काय करतेस तेही सांग, उदाहरणार्थ तोंडी सांगितलेलं मी विसरते म्हणून लिहून घेते. चिडलेलं गिऱ्हाईक आलं तर? आधी पूर्ण ऐकून घेईन, वाद घालणार नाही, माझ्या हातात नसेल तर सीनियरना बोलावेन, यापेक्षा जास्त तुझ्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. आणि नाही येत तर 'हे मला माहीत नाही पण शिकायला आवडेल' म्हण. विचार करायला दहा सेकंद थांबलीस तरी चालतं. टेबलाच्या तुझ्या बाजूला ती शांतता युगासारखी वाटते, आमच्या बाजूला जाणवतही नाही.

'आमच्याकडेच का?' याचं उत्तर घरी बसून मिळणार नाही. शनिवारच्या आधी एकदा त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जा, अर्धा तास थांब. लोक काय विचारतात बघ, मुलांच्या पुस्तकांपाशी किती पसारा होतो आणि तो कोण आवरतं बघ, बिलिंगला रांग कधी लागते, तिथे काम करणारे दिवसभर उभे असतात का. 'मला वाचायला आवडतं' हे तुझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी सांगितलेलं असणार, आणि खरं सांगायचं तर पुस्तकांच्या दुकानात वाचायला कमीच मिळतं, खोकी उचलणं, लावणं, शोधून देणं जास्त. तू जर म्हणालीस की मी मंगळवारी येऊन गेले, एक आजोबा लेखकाचं नाव विसरले होते आणि तुमच्या ताईंनी नुसत्या गोष्टीवरून पुस्तक शोधून दिलं, मला ते शिकायचंय, तर समोरचा माणूस सरसावून बसेल. अर्थात तू जे बघशील तेच सांग.

आता एक गोष्ट जी तुझ्या वयाच्या मुलांना कोणी सांगत नाही आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त नकार मिळतात. वेळ. 'कधी येऊ शकशील?' असं विचारलं की पोरं उत्साहात म्हणतात कधीही, रोज! आणि मग तिसऱ्या आठवड्यात परीक्षा निघते, क्लास निघतो, आणि आमचं वेळापत्रक कोसळतं. असं दोनदा पोळलेला मालक 'कधीही' हा शब्द ऐकताच मनातल्या मनात फुली मारतो. आजच आईबाबांबरोबर बस, आठवड्याचं कोष्टक कर, कुठल्या दिवशी किती ते किती जमतं, जायला यायला किती वेळ लागतो, रात्री घरी कसं येणार, आणि पुढच्या सहा महिन्यांतल्या परीक्षा कधी आहेत. तो कागद बरोबर ने. 'मंगळवार, गुरुवार संध्याकाळी आणि शनिवार पूर्ण, परीक्षेचे दोन आठवडे मात्र नाही, ते आत्ताच सांगते', हे ऐकून मी तरी अनेकदा तिथेच मुलं ठरवलीयेत. कमी तास सांगितले म्हणून नाही घेणार अशी भीती वाटेल, आणि कधीकधी खरंच नाही घेणार, पण मग ती नोकरी तुझ्या अभ्यासात बसणारीच नव्हती.

आवाज कापतो त्याचं काय करायचं? कापू दे. शरीर अॅड्रिनलिन सोडतं, धडधड वाढते, तोंडाला कोरड पडते, परीक्षेच्या आधी आणि मॅचच्या आधीही हेच होतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ चं संशोधन आहे, गाणं, भाषण आणि गणित अशा तिन्ही कामांच्या आधी ज्यांनी 'मी शांत आहे' असं स्वतःला न समजावता 'मी एक्साइटेड आहे' असं म्हटलं त्यांचं काम जास्त चांगलं झालं. धडधड तीच, नाव बदललं. बाहेर बसलेली असताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लाव, चारपर्यंत मोजत घे, आठपर्यंत मोजत सोड, पाचसहा वेळा. पाठ करायचंच असेल तर फक्त पहिलं वाक्य पाठ कर, नाव आणि 'बोलावल्याबद्दल थँक्यू'. ते सरळ गेलं की गाडी रुळावर येते. आणि अगदीच कापला तर सरळ म्हण, माझा पहिलाच इंटरव्ह्यू आहे, थोडी धडधड होतेय. मी असं ऐकलंय आणि दर वेळी समोरच्या पोरीला आधी पाणी दिलंय.

बाकी किरकोळ. कपडे स्वच्छ, अंगाला न टोचणारे, तिथले लोक घालतात त्याहून किंचित नीटनेटके. दहा मिनिटं आधी पोच, फोन सायलेंटवर नको, बंदच. सोडायला कोणी आलं तरी त्यांना बाहेर थांबव, आईने उत्तरं दिली की मुलीचा इंटरव्ह्यू होतच नाही. आदल्या रात्री झोप, तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. तू तिथे त्यांना तपासायलाही चालली आहेस. शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणतील तेव्हा नाही म्हणू नकोस. शिकवणार कोण, शिफ्ट किती तासांची, पगार किती आणि कधी, निर्णय कधी कळेल, हे विचारायला लाजू नकोस, पगार विचारणं म्हणजे हावरटपणा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा १३८ क्रमांकाचा करार आहे, त्यात कामासाठी किमान वय साधारण १५ धरलंय, आणि जिवाला किंवा आरोग्याला धोका असलेल्या कामासाठी १८. प्रत्येक ठिकाणचा कायदा याहून कडक असू शकतो, तास, रात्रीचं काम, पालकांची परवानगी याचे नियम निराळे असतात, ते आईबाबांबरोबर आधी बघून ठेव. ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, मूळ कागद दाखवून परत घ्यायचे. नोकरी देण्यासाठी कोणी डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले, ओटीपी मागितला, किंवा ऐनवेळी दुकानाऐवजी भलत्याच खोलीवर बोलावलं तर उठायचं आणि घरी यायचं, कारण द्यायची गरज नाही. कुठे चाललीस आणि किती वाजता सुटशील हे घरी एकाला तरी माहीत हवं.

आल्यावर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाक, वेळ दिल्याबद्दल थँक्यू आणि मी शनिवारपासून यायला तयार आहे, वगैरे. त्यांनी दिलेल्या तारखेपर्यंत काही कळलं नाही तर एक फोन कर, एकच. नाही म्हणाले तर विचार की कशात कमी पडले, कधीकधी उत्तर येतं की आम्हाला रविवारी येणारं कोणी हवं होतं, आणि मुलगी मात्र महिनाभर आपल्या कापऱ्या आवाजालाच दोष देत बसलेली असते.

आज रात्री पाच प्रसंग लिही. चारच निघाले तर आईला विचार, पाचवा तिला नक्की माहीत असेल. आणि शनिवारी जाऊन आलीस की मला कळव, कुठला प्रश्न विचारला आणि तू कुठला प्रसंग सांगितलास ते, मी वाट बघतेय.

तुझी ताई